असामान्य तीळ, शस्त्रक्रियेची प्रतीक्षा आणि आरोग्यचिंता : एक मानसशास्त्रीय विवेचन

सारांश

त्वचेवरील एखादा तीळ असामान्य वाटल्यास तो काढून ऊतिपरीक्षेसाठी पाठविला जातो. तपासणीचा दिवस, शस्त्रक्रियेचा दिवस आणि अहवालाचा दिवस यांमध्ये काही दिवसांचा, कधी काही आठवड्यांचा अवधी जातो. वैद्यकीयदृष्ट्या हा काळ रिकामा असला तरी मानसिकदृष्ट्या तो अत्यंत भरलेला असतो. प्रस्तुत लेखात असामान्य तिळाचे वैद्यकीय स्वरूप, प्रतीक्षाकाळात आरोग्यचिंता निर्माण होण्याची व टिकून राहण्याची प्रक्रिया आणि या काळाला सामोरे जाण्याचे मार्ग यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : असामान्य तीळ, मेलानोमा, आरोग्यचिंता, अनिश्चितता, आश्वासन-शोध, विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती.

प्रस्तावना

मराठी लोकजीवनात तिळाला भीतीचे नव्हे, तर कौतुकाचे स्थान आहे. गालावरचा तीळ सौंदर्याचे लक्षण मानला गेला. तळहातावरील वा पाठीवरील तिळावरून सामुद्रिकात शुभाशुभ सांगितले गेले. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून आई त्याच्या गालावर जी तीट लावते, तीही एका अर्थी हाताने रेखलेला तीळच होय. अशा परिचित खुणेकडे पाहून त्वचारोगतज्ज्ञ जेव्हा ‘हा काढून तपासायला पाठवू’ असे म्हणतात, तेव्हा त्या खुणेचा अर्थ एका क्षणात पालटतो. कालपर्यंत जो आपल्या शरीराचा भाग होता, तो आज संशयित ठरतो.

या वाक्यानंतर रुग्णाला शस्त्रक्रियेची तारीख मिळते, पण तारखेपर्यंतचे दिवस कसे काढावेत हे सहसा कोणी सांगत नाही. ‘काळजी करू नका’ हा सल्ला सद्भावनेने दिला जातो. परंतु काळजी ही आज्ञेने थांबणारी गोष्ट नाही. म्हणूनच ती कशी निर्माण होते आणि कशामुळे टिकते, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

असामान्य तीळ : संकल्पना व स्वरूप

त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्य मेलानोसाइट नावाच्या पेशी तयार करतात. या पेशींचा पुंजका एका ठिकाणी जमला की तीळ दिसतो. बहुसंख्य तीळ आयुष्यभर निरुपद्रवी राहतात. काही तिळांची कड अस्पष्ट असते, रंग एकसारखा नसतो, आकार तुलनेने मोठा असतो. त्यांना असामान्य तीळ म्हटले जाते. वॉलेस क्लार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मेलानोमाची पार्श्वभूमी असलेल्या काही कुटुंबांतील अशा तिळांचे वर्णन केले आणि तेव्हापासून हा विषय वैद्यकीय चर्चेत स्थिरावला.

मेलानोमा हा मेलानोसाइट पेशींपासून उद्भवणारा, वेळीच न ओळखल्यास शरीरात पसरणारा कर्करोग आहे. तो लवकर ओळखता यावा म्हणून न्यूयॉर्क येथील तज्ज्ञांनी १९८५ मध्ये काही सोपे निकष मांडले : तिळाचे दोन अर्धभाग परस्परांशी न जुळणे, कड ओबडधोबड असणे, एकाच तिळात अनेक रंगछटा असणे आणि व्यास ६ मिलिमीटरपेक्षा अधिक असणे. २००४ मध्ये त्यांत ‘कालानुरूप बदल’ हा पाचवा निकष जोडला गेला. याखेरीज, अंगावरील इतर सर्व तिळांपेक्षा वेगळा दिसणारा एखादा तीळ विशेष लक्ष देण्याजोगा मानला जातो.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. असामान्य तीळ म्हणजे कर्करोग नव्हे आणि अटळ अशी कर्करोगपूर्व अवस्थाही नव्हे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाच्या अंदाजानुसार, चाळिशीच्या आतील व्यक्तीच्या अंगावरील कोणत्याही एका तिळाचे एका वर्षात मेलानोमात रूपांतर होण्याची शक्यता २ लाखांत १ किंवा त्याहूनही कमी असते. साठीनंतरच्या पुरुषांत ती सुमारे ३३ हजारांत १ असते. हे आकडे सर्वसाधारण तिळांचे आहेत. संशयास्पद दिसणाऱ्या तिळाला ते जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. तसेच २०१७ मधील एका एकत्रित विश्लेषणात, मेलानोमाच्या एकूण रुग्णांपैकी सुमारे २९ टक्के रुग्णांतच तो आधीच्या तिळातून उद्भवल्याचे आढळले; उर्वरित रुग्णांत तो पूर्वी तीळ नसलेल्या त्वचेवर नव्याने निर्माण झाला होता. अनेक असामान्य तीळ असणे किंवा कुटुंबात मेलानोमा असणे ही एकूण धोका वाढल्याची खूण आहे. मात्र प्रत्येक तीळ हा टिकटिकणारा बाँब आहे, ही समजूत वस्तुस्थितीला धरून नाही.

मग असा तीळ काढायचा कशासाठी? उत्तर असे, की डोळ्यांनी किंवा डर्मोस्कोप या भिंगयुक्त उपकरणाने पाहूनही काही तिळांबाबत खात्री देता येत नाही. ती सूक्ष्मदर्शकाखालीच मिळते. तीळ काढण्याचा सल्ला हा निदान नसून निदानासाठी विचारलेला प्रश्न असतो. रुग्णाचे मन मात्र या प्रश्नालाच उत्तर समजते आणि चिंतेची सुरुवात येथे होते.

भारतीय संदर्भ

मेलानोमाचे प्रमाण गौरवर्णीय लोकसमूहांत, विशेषतः ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये, जगात सर्वाधिक आहे. भारतीयांच्या त्वचेत मेलॅनिन अधिक असल्याने आपल्याकडे हा रोग विरळ आहे. पाश्चात्त्य देशांतील माहिती वाचून घाबरलेल्या मराठी वाचकाने, मग तो सांगलीत असो वा सिडनीत, हे ध्यानात ठेवावे की धोक्याच्या हिशेबात त्वचेचा प्रकार हा महत्त्वाचा घटक आहे.

मात्र विरळ म्हणजे अशक्य नव्हे. गडद वर्णाच्या लोकांत मेलानोमा तळपाय, तळहात आणि नखाखाली तुलनेने अधिक आढळतो. जमैकाचे विख्यात गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये असाच मेलानोमा आढळला होता आणि १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तळपायाकडे कोणी निरखून पाहत नाही. तेथील काळा डाग जखम, काटा किंवा भोवरी समजून सोडून दिला जातो. आपल्या समाजात अतिचिंतेइतकाच, किंबहुना अधिक, हा दुर्लक्षाचा धोका संभवतो.

त्यात घरगुती उपायांची भर पडते. चामखीळ घालविण्यासाठी घोड्याचा केस बांधणे, चुना व खार लावणे असे प्रकार प्रचलित आहेत. तेच तिळावरही केले जातात. केवळ सौंदर्याच्या हेतूने तीळ जाळून घेण्याची प्रवृत्तीही दिसते. संशयास्पद तिळाबाबत हे घातक ठरू शकते. इजा तर होतेच, शिवाय ज्या ऊतीची तपासणी करावयाची तीच नष्ट होते आणि प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो.

प्रतीक्षेचे तीन टप्पे

या प्रवासात रुग्ण एकदा नव्हे, तर तीनदा थांबतो. पहिली प्रतीक्षा तज्ज्ञांच्या भेटीची. ती देशोदेशी वेगळी असते. इंग्लंडमध्ये संशयित कर्करोगाच्या रुग्णाला दोन आठवड्यांत तज्ज्ञांची भेट मिळावी असा दंडक होता. ऑक्टोबर २०२३ पासून त्याऐवजी २८ दिवसांत निदान कळावे, हे मानक स्वीकारण्यात आले. भेट लवकर मिळते की निदान लवकर कळते, यांपैकी रुग्णाच्या दृष्टीने खरे महत्त्व कशाला, हा प्रश्न या बदलामागे दिसतो.

दुसरी प्रतीक्षा शस्त्रक्रियेची. ती बहुधा लहान असते. तेवढा भाग बधिर करून तीळ सभोवतालच्या सुमारे २ मिलिमीटर निरोगी त्वचेसह काढला जातो, टाके घातले जातात आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

तिसरी प्रतीक्षा अहवालाची आणि बहुतेकांना तीच सर्वांत जड जाते. या दिवसांत प्रयोगशाळेत काय चालते हे माहीत असेल, तर विलंबाचा अर्थ लावताना चूक होत नाही. काढलेली ऊती फॉर्मॅलिनमध्ये मुरवली जाते, तिच्यातील पाणी काढून ती मेणात बसविली जाते, मायक्रोटोम यंत्राने तिचे सुमारे ४ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप घेतले जातात, ते रंगविले जातात आणि मग विकृतिशास्त्रज्ञ त्यांचे निरीक्षण करतात. आवश्यकता वाटल्यास विशेष रंजनाच्या चाचण्या केल्या जातात किंवा दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतले जाते. त्यामुळे अहवालास उशीर होणे म्हणजे वाईट बातमी असणे नव्हे. अहवाल चांगला असो वा वाईट, कापांना लागणारा वेळ तोच असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या वर्गीकरणात अशा तिळांतील विकृतीच्या सौम्य व तीव्र अशा दोन श्रेणी मानल्या आहेत. सौम्य श्रेणीत, तीळ पूर्ण निघालेला असल्यास, बहुधा पुढे निरीक्षणच पुरेसे होते. तीव्र श्रेणीत थोडी अधिक त्वचा काढण्याचा सल्ला सहसा दिला जातो. मेलानोमाच निघाला, तरी तो त्वचेपुरता मर्यादित असताना सापडल्यास पाच वर्षे जगण्याचे सापेक्ष प्रमाण अमेरिकेतील नोंदींनुसार ९९ टक्क्यांच्या घरात आहे. तीळ वेळेवर काढून घेणे ही भीतीची नव्हे, तर संरक्षणाची कृती आहे, ती यामुळे.

आरोग्यचिंतेची प्रक्रिया

आरोग्याची काळजी ही स्वाभाविक आणि उपयुक्त भावना आहे. तीच रुग्णाला डॉक्टरांकडे नेते. परंतु ती प्रमाणाबाहेर वाढून दैनंदिन जीवन व्यापू लागते, तेव्हा तिला आरोग्यचिंता म्हटले जाते. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत ‘हायपोकॉन्ड्रियासिस’ ही जुनी संज्ञा वगळण्यात आली. त्या शब्दाला चिकटलेली हेटाळणीची छटा हे त्यामागील एक कारण होते. ‘याला काही झालेले नाही, मनाचे खेळ आहेत’ ही आपल्याकडील भाषाही त्याच हेटाळणीची आहे.

ब्रिटिश संशोधक पॉल सॅल्कोव्हस्किस व हिलरी वॉर्विक यांनी १९८६ पासून मांडलेल्या बोधात्मक प्रारूपानुसार, चिंतेची तीव्रता चार गोष्टींवर अवलंबून असते : संकट येण्याची वाटणारी शक्यता, ते किती भयंकर असेल याची कल्पना, आपण त्याला तोंड देऊ शकू हा विश्वास आणि बाहेरून मदत मिळेल ही अपेक्षा. पहिल्या दोन वाढल्या की चिंता वाढते. नंतरच्या दोन वाढल्या की ती घटते. ‘काही होणार नाही’ असे सांगणारे आप्त केवळ पहिल्या घटकाला हात घालतात. प्रत्यक्षात, ‘काही झालेच तर उपचार काय, सोबत कोण, रजेची व खर्चाची व्यवस्था काय’ याची उत्तरे अधिक धीर देतात.

चिंता टिकविणारे वर्तन पुढीलप्रमाणे दिसते. रुग्ण दिवसातून अनेकदा आरशात तीळ पाहतो, त्याला हात लावतो, मोजतो. सततच्या स्पर्शाने तेथे लाली येते, खाज सुटते आणि हाच बदल नवा पुरावा वाटतो. नेदरलँड्समधील संशोधक व्हॅन डेन हाउट व किंट यांनी २००३ मध्ये दाखवून दिले, की एकच गोष्ट पुनःपुन्हा तपासल्याने खात्री वाढत नाही; उलट आपल्या स्मरणावरचा विश्वास कमी होतो. ‘काल हा एवढाच होता का?’ हा प्रश्न पाहण्याच्या अभावातून नव्हे, तर अति पाहण्यातून जन्मतो.

दुसरे वर्तन म्हणजे आश्वासन-शोध. जोडीदाराला, मित्राला, ओळखीच्या डॉक्टरांना तोच प्रश्न विचारला जातो. मिळालेले आश्वासन काही तास टिकते, मग शंका परतते आणि पुढच्या वेळी अधिक मोठ्या आश्वासनाची गरज भासते. इंटरनेटवरील शोध हा याचाच अमर्याद प्रकार होय. तेथे विरळ व भयावह शक्यता सामान्य शक्यतांच्या शेजारी सारख्याच आकाराच्या अक्षरांत दिसतात. तिसरे वर्तन याच्या नेमके उलट, म्हणजे टाळाटाळीचे : तारीख पुढे ढकलणे, अहवाल आणायला न जाणे. वरकरणी निष्काळजी वाटणारा हा रुग्ण पुष्कळदा सर्वाधिक घाबरलेला असतो.

या साऱ्याच्या मुळाशी अनिश्चितता आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील २०१६ च्या एका प्रयोगात, विजेचा सौम्य झटका बसणार हे निश्चित असताना जितका ताण येतो, त्याहून अधिक ताण तो बसण्याची शक्यता ५० टक्के असताना येतो, असे आढळले. आपल्या पूर्वजांनी ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ असे म्हटले, त्यात मनाचा हाच स्वभाव टिपला आहे. माहितीची पोकळी मन रिकामी ठेवत नाही. ते ती सर्वांत वाईट चित्राने भरते.

प्रतीक्षाकाळाला सामोरे जाण्याचे मार्ग

१) वास्तव व अनुमान यांची फारकत : अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजविलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती असे सांगते, की भावना घटनेतून थेट उद्भवत नाही. ती घटनेविषयीच्या दृष्टिकोनातून उद्भवते. ‘तीळ काढायचा आहे’ ही घटना. ‘मला आत्ताच शंभर टक्के खात्री मिळालीच पाहिजे, ती नसणे मला असह्य आहे’ हा दृष्टिकोन. त्याऐवजी ‘खात्री मिळाली तर फार बरे होईल, पण ती काही दिवस मिळणार नाही आणि हे अप्रिय असले तरी मी ते सोसू शकतो’ असा विचार केल्यास भीतीची जागा काळजी घेते. येथे उद्देश खोटा आशावाद बाळगण्याचा नसून हट्ट सोडण्याचा आहे.

२) तपासणीला मर्यादा : सुरुवातीला एकदा चांगल्या प्रकाशात, शेजारी मोजपट्टी ठेवून तिळाचे छायाचित्र घ्यावे आणि नंतर पाहणे थांबवावे. सर्वांगाची स्वतपासणी महिन्यातून एकदा पुरेशी मानली जाते. तीळ वेगाने वाढू लागला, त्यातून आपोआप रक्त आले किंवा व्रण झाला, तर मात्र तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. अशी स्पष्ट सीमारेषा आखली की रोजच्या निरीक्षणाचे ओझे उतरते.

३) चिंतेसाठी नेमलेली वेळ : डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ मधील प्रयोगात, एखादा विचार मुद्दाम दडपल्यास तो नंतर अधिक जोमाने उसळतो असे दिसले. म्हणून ‘विचारच करायचा नाही’ हा निर्धार फसतो. थॉमस बोर्कोवेक व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये सुचविलेली रीत अधिक व्यवहार्य आहे : रोज ठरावीक ठिकाणी, ठरावीक वेळी अर्धा तास चिंतेसाठी राखून ठेवावा, इतर वेळी आलेला विचार टिपून त्या वेळेकडे सोपवावा. ही वेळ झोपेच्या अगोदरची मात्र नसावी.

४) प्रश्नांची यादी : डॉक्टरांसाठी प्रश्न लिहून ठेवावेत : अहवाल साधारण किती दिवसांत येईल? तो कोण व कसा कळवील? ठरल्या दिवशी न आल्यास कोणाशी संपर्क साधावा? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. ‘कळवले नाही म्हणजे सर्व ठीक असेल’ असे गृहीत धरणे सुरक्षित नाही.

५) गुंतवून टाकणारे काम : कॅलिफोर्नियातील केट स्वीनी यांनी वकिलीच्या परीक्षेच्या निकालाची सुमारे चार महिने वाट पाहणाऱ्या पदवीधरांचा अभ्यास केला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष प्रांजळ आहेत : वापरल्या जाणाऱ्या बहुतेक युक्त्यांनी प्रतीक्षेचा त्रास फारसा कमी झाला नाही. त्याच गटाच्या पुढील अभ्यासांत सजगतेचा सराव आणि भान हरपून करण्याजोग्या कामात गुंतणे या दोन गोष्टी काहीशा साहाय्यक दिसल्या. काम फार सोपे असल्यास मन भटकते, फार अवघड असल्यास खचते. आपल्या कौशल्याला पुरेल इतके आव्हान देणारे काम हवे. कोणाला ते बागेत मिळेल, कोणाला पेटीवर, कोणाला शब्दकोड्यात.

या निष्कर्षांचा दिलासा वेगळाच आहे. वाट पाहताना अस्वस्थ वाटणे हे आपल्या दुबळेपणाचे लक्षण नाही. चिंता पूर्णपणे घालविता आली नाही म्हणून स्वतःला दोष देणे म्हणजे एका ओझ्यावर दुसरे चढविणे होय.

आप्त, सहकारी व संस्था यांची भूमिका

जवळच्या व्यक्तींनी तोच प्रश्न दहाव्यांदा आल्यावर दहावे आश्वासन देण्याऐवजी ‘तुला फार काळजी वाटते आहे हे समजते, अहवालाच्या दिवशी मी सोबत येईन’ असे म्हणणे अधिक हितकारक ठरते. यात खोटे वचन नाही आणि एकटेपणही नाही. महाविद्यालयात एखादा सहकारी किंवा विद्यार्थी या अवस्थेतून जात असेल, तर त्याची एकाग्रता काही काळ कमी होणार हे गृहीत धरून कामाचे नियोजन करता येते. त्याच्या आजाराची चर्चा मात्र शिक्षककक्षाचा विषय होऊ नये.

अहवाल चांगला येऊनही चिंता ओसरत नसेल, ती दुसऱ्या तिळाकडे वळत असेल, झोप, भूक व काम यांवर अनेक आठवडे परिणाम होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे. ब्रिटनमध्ये रुग्णालयांतील ४४४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बोधात्मक वर्तनोपचार घेतलेल्यांपैकी १३.९ टक्के रुग्णांची आरोग्यचिंता एका वर्षात सामान्य पातळीवर आली. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ७.३ टक्के होते. उपचार जादू करीत नाहीत, परंतु त्यांचा लाभ खरा आहे. भारतात १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी निःशुल्क सल्ला मिळतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल, की असामान्य तिळाच्या बाबतीत दोन चुका टाळावयाच्या आहेत. पहिली, तिळाकडे दुर्लक्ष करण्याची. दुसरी, तिळाखेरीज कशाकडेच लक्ष न देण्याची. पहिली चूक जिवावर बेतू शकते, दुसरी जगणे हिरावून घेते. दोहोंवरचा उपाय एकच आहे : करण्याजोगे ते वेळेवर करणे आणि जे आपल्या हाती नाही त्याचा निकाल त्याच्या दिवशी लागू देणे. तारीख ठरलेली आहे, प्रश्न लिहिलेले आहेत, सोबतीला माणूस आहे, इतके झाले की रुग्णाने आपले कर्तव्य पार पाडलेले असते. मधले दिवस तिळाचे नसतात. ते त्या माणसाचेच असतात आणि त्यालाच ते जगावयाचे असतात.